दुपारी कोण फोन करतं?

हवालदार बाइगोर्रियानं फाटकापाशी मोटरसायकल लावली आणि तो हसत हसत अंगणात आला, तेव्हा सुलेमा शेळ्यांसाठी बादलीत पाणी भरत होती आणि चक्क गाणं गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून गाणं कुणी ऐकलं नव्हतं. गेल्या आठवड्यापासून मात्र तिला दुपारची झोप लागायला लागली होती. आज तर अशी लागली की उशीवर गाल टेकल्याचं आठवत होतं आणि त्यानंतर एकदम शेळीचं ओरडणं. उठल्यावर तिला जराशी लाज वाटली, पण अंग हलकं झालं होतं.

बाइगोर्रियाचे केस ओले होते, मधोमध भांग होता आणि गालावर उशीची घडी अजून उमटलेली होती. आमच्या मिस्तोल ओन्दो गावात पाचच्या सुमाराला प्रत्येकाच्याच गालावर ती असते, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही.

"काय दोन्या सुलेमा," तो मानानं हाक मारत, खुर्ची ओढत म्हणाला, "जगात काय एकेक उद्धट माणसं असतात हो! ब्वेनोस आइरेसच्या नंबरवरून कुणीतरी चौकीवर फोन करत होतं. आणि कधी? ऐन झोपेच्या वेळी!"

"अगं बाई," सुलेमा म्हणाली.

"वाजला, मी कूस बदलली. परत वाजला. परत! म्हटलं, अरे, इथे खून करायचा असला तरी खुनी पाच वाजेपर्यंत थांबेल. शेवटी उठलो आणि तारच काढून टाकली. माते-चहासाठी पाणी ठेवलंय का?"

तो आपल्याच विनोदावर पोट धरून हसला. बादली भरून वाहायला लागली होती, पाणी सुलेमाच्या चपलांखालून झाडाकडे चाललं होतं, आणि ती तशीच उभी होती. चौकीचा नंबर ब्वेनोस आइरेसमध्ये फक्त एका ठिकाणी होता. तो तिथे तिनंच दिला होता.

अंगणातल्या आल्गारोबोच्या झाडाखाली तिचा नवरा निकासियो खाटेवर उठून बसला होता. तोही आत्ताच जागा झाला होता. त्याचं डोकं उघडं होतं आणि चेहरा मातीच्या भिंतीसारखा झाला होता.

निकासियोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड पहाटेची बस पकडून तो सांतियागो शहरात जायचा, तिथे डाव्या हाताच्या फुगलेल्या शिरेत जाड सुई घालून यंत्रातून त्याचं रक्त धुऊन काढायचे आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखा तो परत यायचा. दुसऱ्याची किडनी मिळण्यासाठी त्याचं नाव यादीत होतं. ब्वेनोस आइरेसच्या अवयव केंद्रातल्या बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: किडनी कुणासाठी थांबत नाही. फोन येईल तेव्हा उचला, लगेच निघा. उचलला नाहीत तर आम्हाला पुढच्या माणसाला विचारावं लागेल.

आता मिस्तोल ओन्दोत मोबाइल चालत नाही. गावानं स्वतःच पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवून घरोघरी वायफाय नेलं आहे आणि ते सगळं सांभाळते पोला. पोला म्हणजे सुलेमाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. केंद्राचा फोन यायचा तो सुलेमाच्या जुन्या लॅपटॉपवर. लॅपटॉप दिवसभर चालू ठेवला तर सोलरची बॅटरी संध्याकाळच्या आत बसायची, आणि त्याच बॅटरीवर निकासियोची इंजेक्शनं ठेवायचा छोटा फ्रिज होता. म्हणजे लॅपटॉप झोपवायलाच हवा. पण झोपवला की त्याचं वायफायचं कार्डही झोपायचं, आणि मग फोन आला काय नि न आला काय, सारखंच.

पोलानं त्यावर तोड काढली. बाजूला खोचायचं, हिरव्या दिव्याचं एक कार्ड तिनं आणलं आणि वीज वाचवायची त्याची सोय बंद करून टाकली.

"हे बघ कोमाद्रे, यंत्र घोरत पडेल," ती म्हणाली होती, "पण कान उघडा ठेवून. तान्ह्या पोराची आई झोपते ना, तसं. हा दिवा लुकलुकतोय तोवर कान उघडा आहे. फोन आला की कार्ड यंत्राला ढोसेल, यंत्र उठेल आणि घंटा वाजेल. तू निवांत झोप."

निवांत कसली झोपते! कार्ड जुनं, अर्धं बहिरं आणि अर्धं भांडखोर. केंद्राचा फोन राहिला बाजूला, पोलाच्या दुकानातल्या यंत्रानं सवयीनं 'कोण कोण आहे रे तिकडे?' एवढं विचारलं, की याला वाटायचं आपल्यालाच हाक मारली. लॅपटॉप धडपडून उठायचा, पंखा घरघरायचा, आणि त्याच्याबरोबर सुलेमा. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर हिरवा ठिपका लुकलुकत राहायचा आणि ती तो बघत पडायची. रात्री तेच, दुपारी तेच. डोळ्याला डोळा म्हणून लागत नव्हता. एकदा तर दूध काढता काढता शेळीच्या पोटावर डोकं टेकून झोपली, आणि शेळी बिचारी हलली नाही म्हणून पडायची वाचली. ते निकासियोनं पाहिलं होतं.

त्यानंतर घरी असेल त्या दुपारी त्यानं लॅपटॉपवर आपली टोपी ठेवायला सुरुवात केली. "दिवा डोळ्यात येणार नाही," म्हणाला, "घंटा काय, टोपीतूनही ऐकू येईल." सुलेमाला ते पटलं होतं.

आता ती धावत खोलीत गेली. टेबलावर लॅपटॉप होता, लॅपटॉपवर टोपी होती. तिनं टोपी उचलली.

दिवा विझलेला होता.

तिनं कार्ड काढून परत खोचलं, त्यावर बोट आपटलं, फुंकर मारली. मग झाकण उघडलं. यंत्र सावकाश जागं झालं, दिवा एकदा चमकला, दोनदा चमकला आणि लुकलुकायला लागला. लगेच एकामागून एक टिंग टिंग आवाज यायला लागले. न घेतलेला फोन. न घेतलेला फोन. न घेतलेला फोन. सगळ्यात खाली एक संदेश होता: निकासियो आर्गान्यारास यांच्यासाठी अवयव उपलब्ध, ताबडतोब संपर्क करा. त्याखाली तोच संदेश पुन्हा. त्याखाली काही नव्हतं.

उघडा लॅपटॉप तसाच छातीशी धरून ती अंगणातून पळत सुटली. मागून बाइगोर्रिया "अहो, झालं काय? दोन्या सुलेमा!" म्हणत उठला, आणि निकासियो चपला शोधायला लागला.

पोला दुकानाची फळी उघडत होती. तिच्याही गालावर घडी होतीच.

"तू बंद केलंस!" सुलेमा ओरडली. "कान बंद केलास त्याचा! तुला काय, तुझं दुकान चालतंय, तुझा नवरा धडधाकट आहे! फोन आला होता, पोला! किडनी आली होती!"

"काय?" पोलाच्या हातातली फळी खाली पडली.

"तूच काहीतरी केलंस! त्या टाकीवर चढून सारखी खुडबुड करत असतेस!"

"कोमाद्रे, मी हात लावला नाही. माझ्या पोरांची शपथ. आण इकडे."

पोलानं लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि चष्मा लावला. सुलेमा बिस्किटांच्या खोक्यावर बसली. पोला पडद्यावर कार्डाच्या खिडकीत शिरली आणि एका जागी थांबली.

"'यंत्र झोपल्यावर वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करावं.' यापुढची खूण मी काढून टाकली होती. आता इथे खूण आहे." ती हळूच म्हणाली, "ही आपोआप येत नाही गं. ही कुणीतरी हातानं केली आहे."

मग तिला काहीतरी आठवलं. फळ्यांमागचं तिचं यंत्र झाकलेलं होतं, दुपारभर आवाज बंद करून. ते तिनं उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. केंद्राकडे दिलेला दुसरा नंबर दुकानाचा होता. तिथेही फोन येऊन गेले होते.

इथे मला राहवत नाही म्हणून सांगते. मिस्तोल ओन्दोत एक ते पाच या वेळात कुत्रं भुंकत नाही, आणि भुंकलंच तर मालकाची नाचक्की होते. नवीन आलेल्या पाद्रीबुवांनी एकदा अडीच वाजता घंटा वाजवली, तर पुढच्या रविवारी देवळात बाकांशिवाय कुणी नव्हतं. उन्हात पोरं बाहेर हिंडली तर सोलापा नावाची बाई त्यांना पळवते असं आम्ही सांगतो, आणि मोठी माणसंही ते पूर्ण खोटं मानत नाहीत. वामकुक्षीला आम्ही इतकं जपतो की जगात दुसरं कुणी त्या वेळी जागं असेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. तीन नंबर दिले होते आम्ही, तिन्ही शहाण्या माणसांचे. एकानं तार काढली, एकीनं आवाज बंद केला. उरलेला तिसरा.

"मी केली ती खूण," दारातून आवाज आला.

निकासियो धापा टाकत चौकटीला धरून उभा होता. मागे बाइगोर्रिया होता, आता अजिबात न हसणारा.

सुलेमानं मान वर केली. ऐकलेलं तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. "तू?"

"पोलानं दाखवलं होतं ना आपल्याला, कुठे दाबायचं ते. फक्त दुपारपुरतं बंद करायचो. तू झोपलीस की. आणि तू उठायच्या आधी परत चालू करायचो. आज मीच झोपून राहिलो."

"कधीपासून?"

"तू शेळीवर झोपलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि टोपी?"

"दिवा विझलेला तुला दिसू नये म्हणून."

सुलेमा त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका खाटेवर झोपलेला हा माणूस, आणि गेला आठवडाभर घरी असेल त्या दर दिवशी तिच्या पाठीमागे उठून स्वतःचं मरण एकेका दुपारपुरतं चालू करत होता! आणि ती? ती गाणी म्हणत होती.

"अरे, पण फोन येईल, एवढंही तुझ्या डोक्यात आलं नाही?" पोला किंचाळली.

निकासियोनं तिच्याकडे खरंच नवल वाटल्यासारखं पाहिलं. "दुपारी कोण फोन करतं?" तो म्हणाला.

बाइगोर्रियानं मान खाली घातली. पोला काहीतरी बोलायला गेली आणि तिनंही तोंड मिटलं, कारण सकाळी कुणी तिला विचारलं असतं तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं.

सुलेमा उठली. "फोन लाव," ती पोलाला म्हणाली. "लाव, अजून वेळ असेल. हवालदार गाडी काढतील. लाव!"

"काढतो! आत्ता काढतो! उभा आडवा पळवत नेतो," बाइगोर्रिया म्हणाला आणि खिशात किल्ली चाचपायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

घंटा वाजत राहिली. सुलेमा मनातल्या मनात गावच्या देवळातल्या मातेला नवस बोलत होती, आणि तो इतक्या भराभर बोलत होती की कसला बोलली हे तिला नंतर आठवेना. शेवटी पडद्यावर केंद्रातल्या डॉक्टर इराओला दिसल्या. डोक्यावर हिरवी टोपी होती, डोळे तांबारलेले होते. ही बाई नक्कीच दुपारी झोपलेली नव्हती.

"आम्ही मिस्तोल ओन्दोहून बोलतोय," सुलेमा म्हणाली. "आर्गान्यारास. आम्ही निघतोय, डॉक्टर. आत्ता या क्षणी निघतोय."

डॉक्टरीणबाईंनी टोपी काढली. "सेन्योरा, आम्ही खूप प्रयत्न केला. तिन्ही नंबर लावले, पुन्हा पुन्हा लावले. थांबता येईल तेवढं थांबलो. ती किडनी दुसऱ्या पेशंटकडे गेली. ते आत्ता ऑपरेशनला आत आहेत."

सुलेमाला हे ऐकू आलं, पण एखादं भांडं दुसऱ्याच्या घरात पडावं तसं. तिनं काउंटरची कड धरली.

"तुमचं नाव यादीत आहे तिथेच राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला नोंद करावी लागेल, म्हणून विचारते. तिकडे काय झालं होतं? वादळ? वीज गेली होती?"

काउंटरच्या मागून पोला जोरजोरात मान हलवून खुणा करत होती: हो म्हण, हो म्हण. बाइगोर्रियानंही हातानं वादळासारखं काहीतरी करून दाखवलं. निकासियो मात्र जमिनीकडे बघत होता.

"नाही," सुलेमा म्हणाली. "आम्ही झोपलो होतो."

"झोपला होता? तिघंही?"

"सगळं गाव."

डॉक्टरीणबाई ब्वेनोस आइरेसच्या, त्यांना कुठून कळणार. त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि परत वर पाहिलं.

"ज्याला गेली," सुलेमानं विचारलं, "त्यानं फोन उचलला?"

"पहिल्याच घंटेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांना ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी घाईनं धीराचे दोन शब्द सांगितले आणि फोन ठेवला.

पडद्यावर नुसती चौकट उरली. बाहेर गाव उठत होतं. कुणी अंगणात पाणी मारत होतं, कुठेतरी रेडिओ लागला. पोला लॅपटॉपकडे वळली, ती खूण तिनं काढून टाकली आणि आणखी काय काय दाबलं. रडतच दाबलं.

"उद्यापासून दुपारी मी चौकीत जागा राहीन," बाइगोर्रिया म्हणाला. "फोनच्या शेजारी. खुर्चीवर. देवाशपथ."

"कोमाद्रे," सुलेमा पोलाला म्हणाली, "मघाशी तुला वाट्टेल ते बोलले मी."

"गप बस गं. माझंही यंत्र मुकंच होतं."

निकासियो अजून चौकटीतच उभा होता. घरून इथवर चालून त्याला दम लागला होता, आणि बस म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो सुलेमाकडे बघत होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि इतक्या माणसांसमोर विचारायला तो संकोचत होता, हे तिला दिसत होतं.

"म्हातारे," तो शेवटी म्हणाला, "झोप लागत होती ना तुला? चांगली?"

सुलेमाला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. वाटलं, सांगावं की नाही, डोळासुद्धा लागला नाही, तुझं सगळं फुकट गेलं; मग बसू दे याला जन्मभर ते चघळत. पण डॉक्टरीणबाईंना वादळाची थाप मारली नव्हती, तर याला काय मारायची. शिवाय सगळ्यात भयंकर गोष्ट तीच होती. इतकं होऊनही तिचं अंग त्या झोपेनं अजून हलकंच होतं.

"लागत होती," ती म्हणाली. "खूप चांगली लागत होती."

निकासियोनं मान डोलावली. "मग ठीक," तो म्हणाला.

"ठीक?" सुलेमाच्या हातात अजून ती टोपी होती, घरातून धावताना लॅपटॉपबरोबर मुठीत आली होती, आणि तिला आत्ताच समजलं. "ठीक, मेल्या? ठीक?" तिनं टोपीनं त्याच्या खांद्यावर मारलं. परत मारलं. डोक्यावर मारलं, पाठीवर मारलं, मारता मारता मोठ्यानं रडायला लागली, आणि तो चौकट धरून मुकाट मार खात राहिला. पोला तिला आवरायला पुढे झाली आणि मध्येच थांबली.

कारण सुलेमा मारत होती ते सगळं त्याच्या उजव्या अंगाला. डाव्या हाताला ती टोपीचा वारासुद्धा लागू देत नव्हती. उद्या सकाळी त्यात सुई जायची होती.